पेंग्विनच्या शेजारचं शेवाळ आलं कुठून?

(भागाचं शब्दांकन)

लोकलमध्ये नेटवर्क जातं, हेडफोन घरी राहतात, म्हणून दर भागाचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे कसं' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे कापलेत. सगळे नाही.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे: अंटार्क्टिकावर शेवाळ आलं कुठून?

प्रश्न साधा वाटतो. पण जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिकाचा सगळ्यात जवळचा कोपरा यांच्यामध्ये ड्रेक पॅसेज नावाचा समुद्र आहे. अगदी अरुंद जागीसुद्धा तो साधारण ८०० किलोमीटर रुंद आहे, आणि जहाजावरच्या लोकांचं पोट ढवळून काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. तो ओलांडला तरी पुढच्या खंडाचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग बर्फाखाली. झाड नाही, झुडूप नाही. फुलं येणाऱ्या तिथल्या मूळच्या वनस्पती मोजून दोन. पण मॉसच्या जाती? शंभराहून जास्त.

बी नाही, फळ नाही, पाय तर नाहीतच. मग ही मंडळी तिथे पोचली कशी, आणि कधी? गेल्या काही वर्षांत याचं उत्तर मॉसच्या जनुकांमध्ये सापडायला लागलंय. हा विषय मी निवडला त्याचं कारण मात्र थोडं वेगळं आहे. ते उत्तर ज्या पानावर लिहिलंय ते पान आपल्याच काळात पुसट व्हायला लागलंय. ते कसं, हे शेवटाकडे सांगते.

आधी नावाचा घोळ मिटवू

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना शेवाळ म्हणतो. विहिरीच्या पाण्यात असतं, ज्यावरून पाय सटकतो, ते एक शेवाळ. ती अल्गी. आणि पावसाळ्यात जुन्या भिंतीवर, कौलांवर, गडाच्या पायऱ्यांवर हिरव्या मखमलीसारखं चढतं ते दुसरं. ते मॉस. शाळेत फ्युनारियाची आकृती काढली असेल, ब्रायोफायटा म्हणजे वनस्पतीसृष्टीतले उभयचर वगैरे पाठ केलं असेल, तेच हे. आज या दुसऱ्याबद्दल बोलतोय, म्हणून मी सरळ मॉस म्हणणार आहे.

मॉसबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे तिन्ही लागतील.

पहिली, त्याला खरी मुळं नसतात. ते अख्ख्या अंगाने पाणी पितं. पाणी संपलं की वाळून बंद पडतं, पुन्हा मिळालं की चालू होतं. उन्हाळ्यात भिंतीवर करपल्यासारखं दिसणारं मॉस पहिल्या पावसात हिरवं होतं, ते बहुतेकदा तेच जुनं मॉस असतं.

दुसरी, त्याला बी नसतं, बीजाणू असतात. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही.

तिसरी सगळ्यात कामाची. मॉसचा तुकडा तुटून पडला, अगदी एखादं पान जरी पडलं, तरी त्यातून अख्खं नवं रोप उभं राहू शकतं.

आता बीजाणू तयार होण्यासाठी आधी नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहत जावं लागतं. शब्दशः पोहत, पाण्याच्या थरातून. अंटार्क्टिकात वितळलेलं पाणी मिळतं ते उन्हाळ्यातले थोडेच आठवडे. त्यात बऱ्याच जातींमध्ये नर रोप वेगळं आणि मादी रोप वेगळं. म्हणजे दोघं शेजारी असायला हवेत, पाणी हवं, ऊब हवी, आणि हे सगळं एकाच वेळी हवं. म्हणून खंडाच्या आतल्या भागात बीजाणूंची बोंडं फार क्वचित दिसतात. तिथलं मॉस बहुतेक वेळा तुकड्यांवरच वाढतं. म्हणजे स्वतःचीच झेरॉक्स काढत राहतं.

झेरॉक्स काढली तर बिघडलं काय?

पत्त्यांचं उदाहरण घेऊ. नर-मादीतून पुढची पिढी होते तेव्हा दोन्हीकडचे पत्ते एकत्र पिसले जातात आणि प्रत्येक पिल्लाच्या हातात वेगळे पत्ते येतात. कुणाकडे दुष्काळ सोसायचा पत्ता, कुणाकडे कडक उन्हाचा. परिस्थिती बदलली की कुणीतरी तरतंच. याला आपण जनुकीय विविधता म्हणतो.

झेरॉक्समध्ये पिसणं नाही. आईच्या हातात जे पत्ते, तेच मुलीच्या, तेच नातीच्या. हवामान जसंच्या तसं राहिलं तर काही अडचण नाही, उलट चांगले पत्ते टिकून राहतात. बदललं तर मात्र सगळे एकदम अडकतात.

पण झेरॉक्ससुद्धा शंभर टक्के अचूक नसते. पेशी डीएनएची नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. याला उत्परिवर्तन म्हणतात. आणि शास्त्रज्ञांना नेमक्या याच चुका हव्या असतात.

कशासाठी? फॅमिली ग्रुपवर फिरणारा लांबलचक मेसेज आठवा. समजा कुणी तो फॉरवर्ड न करता प्रत्येक वेळी हाताने टाइप करून पुढे पाठवतंय. पुण्याच्या मावशीकडून एक काना गळला, नागपूरच्या काकांकडून दोन शब्दांची अदलाबदल झाली. वर्षभराने तुमच्याकडे दोन मेसेज आले तर चुका ताडून तुम्ही सांगू शकता की कोणता मेसेज कुणाकडून फिरत आला. दोन्हींमध्ये फरक जेमतेम असेल तर फाटा नुकताच फुटलाय. फरक भरपूर असेल तर ते खूप दिवस वेगवेगळे फिरतायत.

मॉसचं तसंच. अंटार्क्टिकाच्या मॉसचा डीएनए आणि बाहेरच्या त्याच जातीच्या मॉसचा डीएनए शेजारी ठेवायचे. फरक कमी, तर पाहुणा नवा. फरक जास्त, तर जुना रहिवासी.

हे ताडून पाहिलं तेव्हा दोन्ही प्रकारची मंडळी सापडली.

नवा पाहुणा

पहिला नमुना आहे कोरिसोडॉन्शियम. जातीचं पूर्ण नाव कोरिसोडॉन्शियम ॲसिफायलम, एकदाच घेते. अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि आसपासच्या बेटांवर याचे जाड थर असतात. वर हिरवं, खाली जुनं, त्याच्या खाली आणखी जुनं, आणि सगळ्यात तळाचं गोठलेलं. एलिफंट बेटावरचा असा एक थर सुमारे ५,५०० वर्षांचा आहे.

दिसायला म्हातारा. पण ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये काम केलेल्या एलिझाबेथ बिअर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याचा डीएनए दक्षिण अमेरिकेतल्या त्याच मॉसशी ताडला, तेव्हा दोघांत फारसा फरकच निघाला नाही. म्हणजे भूगर्भाच्या घड्याळाने बघितलं तर ही मंडळी दक्षिण अमेरिकेहून तशी अलीकडेच आली.

याच मॉसची दुसरी गोष्ट जास्त गाजली. सिग्नी नावाच्या बेटावरून शास्त्रज्ञांनी या थराचा एक उभा, दंडगोल तुकडा काढला. तो मधून कापला आणि उजेड, ओलावा, ऊब देऊन ठेवून दिला. बाहेरचं काही आत जाणार नाही याची काळजी घेतली. काही आठवड्यांत एक मीटरपेक्षा खोल असलेल्या भागातून हिरवे कोंब आले. त्या खोलीवरच्या मॉसचं वय निघालं १,५०० वर्षांहून जास्त. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे विदर्भात वाकाटकांचं राज्य होतं, तेव्हा ते मॉस गोठलं होतं. उठून पुन्हा कामाला लागलं.

जुने रहिवासी

दुसरा नमुना तुमच्या ओळखीचा असण्याची शक्यता आहे. ब्रायम अर्जेंटियम. रुपेरी छटा असलेलं बुटकं मॉस. जगभरच्या शहरांत फूटपाथच्या फटीत, गच्चीच्या कडेला वाढतं. भारतातही त्याची नोंद आहे. आणि ते अंटार्क्टिकातही आहे.

साहजिक कुणालाही वाटेल की फूटपाथवरचं चिवट मॉस आहे, माणसांच्या मागे मागे गेलं असेल. पण जनुकं वेगळंच सांगतात. २०१० आणि २०१४ मध्ये या मॉसवरचे जे अभ्यास आले, त्यांत अंटार्क्टिकातल्या काही घराण्यांचा बाहेरच्यांशी फरक बराच जास्त निघाला. एवढ्या चुका साठायला शेवटचं हिमयुग सुरू व्हायच्याही कितीतरी आधीपासून वेगळं राहावं लागतं. आणि ही जात तिथे एकदाच नाही, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या वेळी पोचली आहे, असंही दिसतं. तिथल्या सगळ्यात जास्त जाती असलेल्या शिस्टिडियम या मॉसच्या गटातही अशीच जुनी घराणी सापडली.

इथे एक मोठी अडचण उभी राहते. साधारण २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. बर्फाची चादर आजच्यापेक्षा जाड होती आणि पसरलेलीही जास्त. त्या काळात बहुतेक सगळं पुसून गेलं असणार आणि आजचं जीवन नंतर बाहेरून आलं असणार, असं बरीच वर्षं धरून चाललं होतं. मग हे जुने रहिवासी हिमयुगात होते कुठे?

दोन जागांची चर्चा होते. एक, बर्फातून वर डोकावणारे डोंगरमाथे. दुसरी जागा ऐकून मला स्वतःला फार मजा वाटली: ज्वालामुखी. अंटार्क्टिकात जागे ज्वालामुखी आहेत. माउंट एरेबस आणि माउंट मेलबर्नच्या माथ्याजवळ गरम वाफेने जमीन उबदार राहते आणि आजसुद्धा तिथे मॉस आहे. २०१४ मध्ये सेरिडवेन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी खंडभरच्या हजारो नोंदी तपासल्या. ज्वालामुखींच्या जवळ जातींची संख्या जास्त आणि लांब जावं तशी कमी, असं चित्र निघालं. हिमयुगात ज्वालामुखीभोवती तग धरायची आणि बर्फ मागे हटला की हळूहळू बाहेर पसरायचं, या कल्पनेशी हे जुळतं.

वाऱ्याचे हायवे

ठीक आहे, आले. पण प्रवास कशाने केला?

पहिला संशय वाऱ्यावर. २००४ मध्ये हेसूस मुन्योस या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या गटाने उपग्रहाने मोजलेल्या समुद्रावरच्या वाऱ्यांची माहिती घेतली आणि दक्षिण गोलार्धातल्या बेटांवर कोणत्या जाती आहेत त्या याद्या तिच्याशेजारी ठेवल्या. दोन बेटं जवळ असली की त्यांच्यावरचं मॉस सारखं असेल, असं आपल्याला वाटतं. निघालं असं की अंतरापेक्षा वारा जास्त महत्त्वाचा. वाऱ्याने जोडलेल्या जागांच्या याद्या जास्त जुळतात, मग त्या एकमेकींपासून कितीही लांब का असेनात. नकाशावर शेजारी, पण वारा उलटा, तर ओळखदेख कमी.

पण अंटार्क्टिकाच्या भोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे गोल गोल फिरतात आणि खंडाच्या मधल्या उंच भागातून जड, थंड हवा बाहेर किनाऱ्याकडे उतरते. म्हणजे रिंगरोडवर गाड्या सुसाट, पण शहरात शिरायला उलट्या ट्रॅफिकमधून जायचं. त्यात वरच्या हवेत कडाक्याची थंडी आणि अतिनील किरणं. शिवाय उतरलं ते नेमकं त्या एका टक्क्याहून कमी उघड्या जमिनीवर, आणि ओल असलेल्या जागी उतरायला हवं. त्यामुळे अब्जावधी बीजाणू उडत असतील, पण रुजणारा एखादाच.

पिसांत लपलेले प्रवासी

दुसरा संशय पक्ष्यांवर होता. पुरावा मात्र फार उशिरा मिळाला. लिली लुईस आणि सहकाऱ्यांनी आर्क्टिकमध्ये, म्हणजे उत्तर टोकाकडे, अंडी घालायला येणाऱ्या पक्ष्यांची पिसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. हे पक्षी हिवाळ्यात पार दक्षिण गोलार्धात जातात. काहींच्या छातीपोटाच्या पिसांत मॉसचे तुकडे आणि बीजाणू सापडले. २०१४ मध्ये हे छापून आलं. एका पक्ष्याच्या अंगावर फार नसतं, पण असे लाखो पक्षी दरवर्षी ये-जा करतात, आणि हे हजारो वर्षं चाललंय.

याला जोड देणारी एक जरा घाण पण भारी गोष्ट आहे. टेट्राप्लोडॉन नावाचं मॉस प्राण्यांच्या शेणावर, विष्ठेवर आणि मेलेल्या जनावरांवर वाढतं. त्याचे बीजाणू चिकट असतात आणि माश्या ते एका शेणावरून दुसऱ्या शेणावर नेतात. चिकट बीजाणू वाऱ्यावर लांब उडणार कसे? तरीही हे मॉस उत्तरेकडे आहे, आणि मधला सगळा उष्ण पट्टा सोडून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोजवळ आहे. जनुकं ताडल्यावर कळलं की दक्षिणेतलं घराणं उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडच्या घराण्याशी जवळचं आहे, आणि मधल्या डोंगरांवरून टप्प्याटप्प्याने न येता एकाच उडीत आलेलं दिसतं. उडी कुणाच्या अंगावर बसून मारली असेल, तर सगळ्यात मोठा संशयित पक्षीच.

उत्तर टोकाची गोष्ट वेगळी का?

आर्क्टिक आणि अंटार्क्टिक दोन्ही गोठलेले, पण मॉसच्या दृष्टीने परिस्थिती उलटी. उत्तरेला मधे समुद्र आणि भोवती खंड. कॅनडा, ग्रीनलंड, सायबेरिया, नॉर्वे जवळजवळ गोल करून बसलेत. नवं मॉस यायला रस्ते मोकळे. दक्षिणेला मधे खंड आणि भोवती समुद्र.

पण उत्तरेच्या एका हिमनदीने शास्त्रज्ञांना वेगळाच धक्का दिला. कॅनडाच्या एल्समीर बेटावर टिअरड्रॉप नावाची हिमनदी आहे. ती वितळून मागे हटतेय. तिच्या कडेला, बर्फाखालून नुकतीच उघडी पडलेली काळपट, मेल्यासारखी मॉसची गादी होती. अल्बर्टा विद्यापीठाच्या कॅथरीन ला फार्ज यांना त्या काळपटात कुठे कुठे हिरवी झाक दिसली. त्यांनी नमुने प्रयोगशाळेत नेले, कुटून मातीवर पसरले, आणि त्यातल्या काहींमधून नवी रोपं आली. ती मॉस सुमारे ४०० वर्षं बर्फाखाली होती. हे २०१३ मधलं.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा. आपण समजत होतो की बर्फ येतो तेव्हा सगळं मरतं आणि बर्फ जातो तेव्हा बाहेरून नवं येतं. इथे दिसतंय की बर्फाखाली जुनी जनुकं ठेव म्हणून पडून राहू शकतात. म्हणजे प्रवास फक्त लांबचा नसतो, काळातलाही असतो.

मग विविधता आहे किती?

इथे विज्ञानाने स्वतःचाच एक आकडा दुरुस्त केला. १९९० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॉसचा डीएनए पहिल्यांदा तपासला गेला तेव्हा विविधता प्रचंड निघाली. एकाच गादीतली शेजारची रोपंसुद्धा वेगळी. झेरॉक्सवर जगणाऱ्या वनस्पतीत एवढं वेगळेपण? कडक अतिनील किरणांमुळे चुका जास्त होत असतील, असंही बोललं गेलं.

तेव्हाची पद्धत मात्र अशी होती की नमुन्यात कुणाचाही डीएनए असला तरी तो मोजला जायचा. आणि मॉसची गादी म्हणजे चाळच. त्यात बुरशी राहते, अल्गी राहते, जिवाणू राहतात, बारीक किडे राहतात. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी फक्त मॉसचाच डीएनए पकडणारी पद्धत वापरून सेरॅटोडॉन परप्युरियस या जातीचा अभ्यास केला. आधीचे आकडे या भाडेकरूंमुळे फुगले होते, असं त्यातून दिसलं. अंटार्क्टिकातली खरी विविधता समशीतोष्ण देशांतल्या त्याच मॉसपेक्षा कमी निघाली.

हा अभ्यास पूर्व अंटार्क्टिकातल्या विंडमिल बेटांवरचा, ऑस्ट्रेलियाच्या केसी स्टेशनजवळचा. तिथल्या मॉसला खत मिळतं ते हजारो वर्षांपूर्वी पेंग्विनची वसाहत होती त्या जागेतल्या विष्ठेतून! आणि याच जागेवर पुढे काय झालं ते ऐका.

वोलोंगाँग विद्यापीठाच्या शॅरन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००० पासून तेरा वर्षं तिथलं मॉस मोजलं. २०१८ मध्ये निकाल आला. जागा वाळत चाललीय. ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ यांमुळे तिकडचे वारे बदललेत, आणि त्याचा परिणाम पाण्यावर होतोय. हिरव्या गाद्या आधी लाल, मग राखाडी व्हायला लागल्या. आणि सगळ्यात जास्त मागे हटलं ते शिस्टिडियम अंटार्क्टिसी. हे मॉस फक्त अंटार्क्टिकाच्या परिसरातलं. त्याच्या जागी जे दोघं वाढले, ते जगभर इतरत्रही आढळणारे.

आता द्वीपकल्पाच्या बाजूला जा. तिथे उलटं. १९८६ मध्ये उपग्रहातून दिसणारी हिरवळ एक चौरस किलोमीटरपेक्षा कमी होती, २०२१ मध्ये ती जवळपास १२ चौरस किलोमीटर झाली. आणि ही हिरवळ बहुतेक मॉसचीच.

मग वाईट काय, हिरवळ वाढतेय ना? माझ्या मते इथेच जनुकं बघायला लागतात. फोटोत सगळं हिरवं सारखंच दिसतं. पण कोरिसोडॉन्शियमसारखा पाहुणा अंटार्क्टिकातून उद्या नाहीसा झाला, तरी जवळपास त्याच जनुकांचे त्याचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेत आहेत. त्याचा बॅकअप आहे. शिस्टिडियमच्या जुन्या घराण्यांचा, अंटार्क्टिकातल्या जुन्या ब्रायम अर्जेंटियमचा बॅकअप कुठेच नाही. हिमयुगातून तरलेले पत्ते एकाच हातात आहेत, तोही थोडे पत्ते असलेला हात.

आणि आता आपले बूट

वारा आणि पक्षी यांच्या जोडीला आता तिसरं वाहन आलंय: आपण. २००७-०८ च्या मोसमात अंटार्क्टिकाला जाणाऱ्या पर्यटकांचे आणि शास्त्रज्ञांचे कपडे, बॅगा, बूट व्हॅक्यूम क्लीनरने झाडून तपासले. ज्यांच्याकडे बिया निघाल्या, त्यांच्याकडे सरासरी माणशी साडेनऊ. एक परकं गवत किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की स्टेशनजवळ रुजलंसुद्धा. ते गवत होतं, म्हणून दिसलं आणि उपटायला घेता आलं.

मॉसचं तसं नाही. समजा कुणाच्या बुटाच्या खाचेतून आपल्या शहरातल्या ब्रायम अर्जेंटियमचा एक तुकडा तिथे गेला आणि रुजला. जात तीच. रंग तोच. परकं म्हणून कुणी उपटणार नाही, कारण ते परकं आहे हे डोळ्यांना कळणारच नाही. आणि लाखो वर्षं तिथे राहिलेल्या घराण्याच्या शेजारी कालचं फूटपाथवरचं घराणं पसरत जाईल. आपण मघाशी मेसेजच्या चुका ताडून इतिहास वाचला ना, तो इतिहास मग वाचता येणार नाही. सुरुवातीला पान पुसट होतंय म्हणाले, ते हे.

म्हणूनच शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाचे जीवसृष्टीच्या हिशेबाने १६ विभाग पाडलेत. बाहेरून खंडावर जातानाच नाही, तर एका विभागातून दुसऱ्यात जातानाही सामान आणि बूट स्वच्छ करायला हवेत, हे त्यामागचं कारण. खंडातल्या खंडातसुद्धा घराणी मिसळू नयेत म्हणून.

यात भारताचा संबंध आहे, आणि गोव्याचाही. आपली अंटार्क्टिक मोहीम चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था वास्को द गामाला आहे. अंटार्क्टिकात आपली मैत्री आणि भारती ही दोन स्टेशनं चालतात, उत्तरेला स्वालबार्डमध्ये हिमाद्री आहे. भारती स्टेशनजवळ २०१७ मध्ये एका भारतीय शास्त्रज्ञाने गोळा केलेलं मॉस पंजाब केंद्रीय विद्यापीठात तपासलं गेलं, आणि २०२१ मध्ये ते नवी जात म्हणून जाहीर झालं. नाव ठेवलं ब्रायम भारतीएन्सिस. डीएनए वाचून, बाकीच्यांशी ताडून ते नवं ठरवायला मधली काही वर्षं गेली. अजून कितीतरी गाद्यांचा डीएनए कुणी वाचलेलाच नाही. वाचायच्या आधी त्या वाळल्या किंवा मिसळल्या, तर काय गेलं हेही कळणार नाही.

जाता जाता

या पावसाळ्यात एक करा. भिंतीवर किंवा फूटपाथच्या फटीत मॉस दिसलं तर फोनचा कॅमेरा मॅक्रोवर टाकून अगदी जवळून फोटो काढा. बारीक देठावर छोटं बोंड दिसलं, तर त्यात बीजाणू आहेत, म्हणजे तिथे पत्ते पिसले गेलेत. नुसतीच मखमल दिसली, तर ती झेरॉक्स असू शकते. रुपेरी चमक असली तर तो ब्रायम अर्जेंटियम असेलही, फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. आणि ट्रेकला जाताना बूट धुऊन जा, आल्यावर पण धुवा. सह्याद्रीतल्या एका डोंगरावरचं दुसऱ्या डोंगरावर नेणारं वाहन आपणच असतो.

फोटो पाठवा, बोंडवाले आणि बिनबोंडवाले दोन्ही. प्रश्न असले तर तेही पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला घेते.

चला, भेटू. काळजी घ्या!